साखरेच्या डब्यातला चमचा

प्रश्न : माझे वय ५२ आहे. रक्तातली साखर किंचित वाढलेली असल्यामुळे डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितले. पूर्वी आम्हां चौघांना महिन्याला पाच किलो साखर लागत असे. आता साडेतीन किलो साखर आणि दीड किलो गूळ लागतो. मी मिठाई पूर्ण बंद केली आहे आणि चहा गुळाचाच घेते, पण दिवसातून पाच कप होतो. तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत मात्र काहीच फरक दिसला नाही. माझे कुठे चुकते आहे? (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : आपण वाणसामानाचा हिशेब इतका नेमका कळवलात, त्यामुळे उत्तर आपल्याच पत्रात सापडले. साखर दीड किलोने कमी झाली आणि तेवढाच गूळ घरात आला. म्हणजे गोडाचे एकूण वजन जिथे होते तिथेच राहिले. चौघांत पाच किलो वाटले तर माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि शक्यतो २५ ग्रॅमपर्यंत आणावी. या मोजणीत मध, काकवी आणि फळांचा रस धरलेला आहे, अख्खे फळ आणि दूध मात्र धरलेले नाही. आपले ४२ ग्रॅम केवळ घरातल्या डब्यांतले आहेत. बिस्किटे, जॅम, सॉस आणि बाहेरचा चहा त्यात आलेलाच नाही.

गुळात साखरेपेक्षा लोह आणि खनिजे अधिक असतात हे खरे आहे, परंतु कपभर चहापुरत्या गुळातून मिळणारे लोह अगदीच थोडे असते आणि चहातील टॅनिन तेही अंगी लागू देत नाही. रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत मात्र गूळ साखरेच्या फारसा मागे नाही. शिवाय तो जिभेला थोडा कमी गोड लागत असल्याने हात सैल सुटतो.

आता एक गोष्ट मुद्दाम करून पाहा. साखरेच्या डब्यात जो चमचा कायम पडलेला असतो, तो नेहमीसारखा शिगोशीग भरून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. सपाट चहाचा चमचा चार-पाच ग्रॅमचा असतो, पण शीग लावलेला सहज सात ग्रॅमपर्यंत जातो. असे पाच कप झाले की ३५ ग्रॅम चहातच संपतात, आणि म्हणूनच सणावारी येणारी मिठाई बंद करूनही तपासणीत फरक पडला नाही.

आपल्याकडे साखर आधणातच घालतात, त्यामुळे घरातल्या सर्वांत गोड पिणाऱ्याच्या चवीचा चहा सगळ्यांना प्यावा लागतो. चहा बिनसाखरेचा उकळा, आपला कप आधी गाळून घ्या आणि मग ज्याची त्याने साखर घालावी. पहिले दोन आठवडे आपल्या कपात सपाट एक चमचा, पुढचे दोन आठवडे अर्धा, असे उतरत जा. हळूहळू कमी केले तर काही आठवड्यांत जीभ सरावते आणि पूर्वीचा चहाच पाकासारखा वाटू लागतो. आले किंवा गवती चहा घातल्यास ही उणीव फारशी जाणवत नाही. पाचांपैकी दोन कप कमी करता आले तर फारच उत्तम. चिंचगुळाच्या आमटीतला सुपारीएवढा खडा मात्र काढू नका. चौघांच्या आमटीत तो माणशी दोन-तीन ग्रॅमच येतो, आणि जेवणातली चवच गेली तर हा नेम टिकणार नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर आहारातला बदल डॉक्टरांना सांगूनच करावा, कारण औषधाचा डोस तसाच राहिल्यास साखर एकदम उतरू शकते.

प्रश्न : वजन कमी करायचे आहे. साखरेऐवजी चहात गोड गोळ्या घातल्या तर चालतील का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोळ्या वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केली आहे, ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांना ती लागू नाही. माझेही मत असे आहे की गोळीमुळे कॅलरी वाचल्या तरी जिभेची गोडाची ओढ तशीच राहते.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा चॉकलेटी पावडर घातल्याशिवाय दूध पीत नाही आणि सोबत त्याला ग्लुकोज बिस्किटे लागतात. हे पौष्टिक आहे ना? (एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : पुड्याच्या पुढच्या बाजूवर विसंबू नका, मागचा तक्ता वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात; पहिल्या दोन-तीन नावांत साखर आली की काय ते समजावे. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिन ही नावेही त्याच हिशेबात धरावीत. साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा साखर असतो. पावडर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत चला आणि बिस्किटांच्या जागी भाजलेले शेंगदाणे किंवा केळे द्या. तरीही नुसते दूध नकोच म्हणाला, तर बळजबरी न करता दहीपोहे किंवा ताक द्या. दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम त्यातूनही मिळतात.