जुन्या जीपचे पाट्यांचे बुश आणि बॉडीखालचे रबर बदलताना पीयू (पॉलियुरेथेन, रबरासारखं पण कडक प्लास्टिक) घ्यावं की साधं रबर?

भाऊ, तुमची वडिलांच्या वेळची महिंद्रा जीप पांदणीतून नेली की मागून खडखडते, बॉडी चेसिसवर डुगडुगते, आणि मेकॅनिक म्हणतो पीयूचे बुश टाका, पुन्हा पाहायला नको. माझं मत उलट आहे. पाट्यांना, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांना, रबरच टाका. आणि बुश (पाट्याच्या टोकात बसणारी रबरी नळी) कोणता घेतला यापेक्षा त्याचा नट कोणत्या वेळी आवळला, याकडे जास्त लक्ष द्या.

हे मी नुकसान सोसून शिकलो. आमची जीप यवतमाळ जिल्ह्यात शेताच्या कामाला आहे. एका पावसाळ्याआधी तालुक्याच्या गॅरेजात सगळे बुश नवे टाकून घेतले. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), चाकं लोंबकळत, आणि मिस्त्रीनं त्याच स्थितीत सगळे नट कचकचून आवळले. तूर घरी येईपर्यंत बुशांचं रबर फाटून बाहेर आलं होतं. मी दुकानदाराला दोष देत बसलो, पण माल चांगला होता.

होतं काय, की आत लोखंडी नळी असलेल्या बुशात रबर फिरत नाही, पिळलं जातं. नट आवळला की आतली नळी शॅकलच्या (पाटा चेसिसला जोडणाऱ्या हलत्या जोडाच्या) पट्ट्यांत घट्ट बसते, बाहेरचा भाग पाट्याच्या कानात (टोकाच्या गोल वेटोळ्यात) घट्ट असतो, आणि पाटा हलतो तेवढं मधलं रबर पीळ खातं. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो. त्यावर प्रत्येक खड्ड्याचा आणखी पीळ. म्हणून नट हातानं बसतील तेवढेच लावा, गाडी चारही चाकांवर उतरवा, मागेपुढे ढकलून हलवून घ्या, आणि मगच शेवटचं आवळा. खाली शिरून पाना फिरवायला त्रास होतो, म्हणून बरेच जण टाळतात. तुम्ही मिस्त्रीच्या बाजूला उभं राहून करून घ्या.

विकत घेताना एक तपासा: आतली नळी पाट्याच्या रुंदीपेक्षा किंचित लांब हवी, म्हणजे पट्ट्या नळीवर दाबतील, रबरावर नाही. नळी मधोमध नसलेला बुश परत करा. रबराचा कडकपणा शोअर ए मापावर साधारण ५५ ते ७० असतो, पीयूचा बहुतेक ८० ते ९५. पीयू पिळलं जात नाही, नळीवर फिरतं. त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं आणि आपली काळी माती आत शिरली की ते किरकिरतं. शिवाय गोट्याचा प्रत्येक धक्का थेट चेसिसला. डांबरी रस्त्यावरच्या हौशी गाडीला ते चालेल, कापूस वाहणाऱ्या जीपला नको.

जुना बुश जाळून काढू देऊ नका. धूर विषारी असतोच, पण तापल्यानं पाट्याच्या कानाचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं आणि मग तो तिथेच तुटतो. आट्यांचा रॉड, पाइपाचा तुकडा आणि दोन नट घेऊन ओढून काढा. नवा बसवताना साबणाचं पाणी लावा. ऑइल, ग्रीस, डिझेल यांनी रबर फुगून मऊ पडतं. आपल्याकडे पाट्यांवर जळकं ऑइल मारायची सवय आहे, ती आता सोडा. फार जुन्या जीपला आट्यांचे लोखंडी शॅकल आणि ग्रीस निपल असतात. तसे असतील तर मात्र त्यांना नियमित ग्रीस लागतंच.

आता बॉडी. हे काम जीपचं, कारण तिला वेगळी चेसिस आहे. अ‍ॅम्बॅसिडर किंवा पद्मिनीला बॉडीखालचे असे रबर शोधत फिरू नका, त्यांची बॉडीच चेसिसचं काम करते. जीपमध्ये बोल्टच्या जागी चिखल साचून ओल धरते, त्यामुळे आधी ब्रॅकेट खरवडून पाहा. गंजानं पातळ झालेल्या ब्रॅकेटवर नवं रबर टाकणं म्हणजे पैसे वाया. आधी वेल्डिंग करून घ्या. बोल्टांना आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

एका बाजूचे बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचे फक्त ढिले करा. जॅक आणि बॉडीच्या मध्ये जाड फळी ठेवून थोडंथोडं उचला. स्टिअरिंगचा दांडा, रेडिएटरजवळचा पंखा, हँडब्रेकची केबल आणि डिझेलचा पाइप ताणले जात नाहीत ना, हे दर वेळी बघा. जुन्या पॅडखाली पत्र्याच्या चकत्या निघाल्या तर कुठल्या जागेच्या किती, ते लिहून ठेवा आणि तशाच परत टाका. एकच रबर बदललं तर तो कोपरा उंच राहतो, बॉडी पिळते आणि पत्र्याला तडा जातो. म्हणून सगळे एकदमच.

कोळसा खाणीच्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे आमच्याकडे सर्रास वापरतात. सपाट पॅडच्या जागी मला ते ठीक वाटले, जुन्या टायरपेक्षा नक्कीच बरे. पण नळीवाल्या जागी मूळ मापाचंच घ्या. बोल्ट रबर बाजूनं फुगेपर्यंत आवळू नका. दोनेकशे किलोमीटर चालल्यावर रबर बसतं, तेव्हा सगळे एकदा पुन्हा तपासा. आणि पाट्यांचे नटही त्याच वेळी, चाकं जमिनीवर ठेवूनच.