१६८ माणसांपुढे इंका साम्राज्य का पडले?

प्रश्न : स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिझारोबरोबर जेमतेम १६८ माणसे होती. मग दक्षिण अमेरिकेतले, आजच्या पेरूभोवतीचे इंका साम्राज्य स्पॅनिशांच्या बंदुकांमुळेच पडले ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बंदुकांना उगाच श्रेय मिळते. त्या तुकडीत बंदुकवाले डझनभरच होते. खरी भिस्त पोलादी तलवारींवर आणि ६२ घोडेस्वारांवर. इंकांकडे गोफणी, दगडी व काशाच्या गदा आणि कापूस भरलेली चिलखते. पण नुसत्या शस्त्रांनीही हे साधले नसते.

सम्राट वायना कापाक १५२७च्या सुमारास साथीत दगावला, बहुधा देवीच्या. नेमलेला वारसही गेला. मग वास्कार आणि अताह्वाल्पा या सावत्र भावांची भाऊबंदकी पेटली. अताह्वाल्पा ती नुकतीच जिंकत होता, तेवढ्यात पिझारो येऊन ठेपला.

१६ नोव्हेंबर १५३२, पेरूच्या डोंगरांतले काहामार्का गाव. चौकाच्या तीन बाजूंना लांबलचक इमारती, दारे चौकात उघडणारी. पिझारोने त्यांत घोडेस्वार दडवले आणि घोड्यांना घुंगुरमाळा बांधल्या. अताह्वाल्पाने मोठी फौज गावाबाहेर ठेवली आणि काही हजार जवळजवळ निःशस्त्र सेवकांनिशी तो पालखीतून आला. पाद्री वाल्व्हेर्देने दिलेले धर्मपुस्तक त्याने भिरकावले, तोफेचा इशारा झाला आणि दडलेले स्पॅनिश तुटून पडले. भोयांचे हात तोडले तरी ते पालखीला खांदा देत राहिले. हजारो माणसे मेली, स्पॅनिश एकही नाही. बाहेरची फौज मात्र जागची हलली नाही. हुकूम एकाच तोंडातून यायचा आणि ते तोंड आता कैदेत होते. माझ्या मते साम्राज्याचा कणा इथेच मोडला.

सुटकेसाठी अताह्वाल्पाने सुमारे ६.७ × ५.२ मीटरची खोली हात पोचेल त्या उंचीपर्यंत एकदा सोन्याने व दोनदा चांदीने भरून देण्याचे कबूल केले. वितळवल्यावर सोनेच सुमारे सहा टन भरले. तरीही २६ जुलै १५३३ रोजी त्याचा गळा आवळला गेला.

प्रश्न : म्हणजे १५३३मध्ये सगळे आटोपले?

उत्तर : छे! स्पॅनिशांनीच गादीवर बसवलेला मांको इंका १५३६मध्ये उलटला. त्याने इंकांची राजधानी कुस्को हिला वेढा घातला, तापवलेले दगड गोफणीने फेकून गवती छपरे पेटवली. मदतीला निघालेल्या स्पॅनिश तुकड्या अरुंद घाटांत दरडी लोटून चिरडल्या. कुस्कोजवळच्या ओयांतायतांबो गढीपाशी पाणी सोडून रान असे चिखलाचे केले की घोडे रुतले. वेढा मात्र जवळपास वर्षभराने उठला : पेरणी-कापणीला माणसे घरी जात राहिली आणि कान्यारींसारखे इंकांवर जुना राग असलेले लोक स्पॅनिशांकडून लढत होते. डोंगर-जंगलातल्या विल्काबांबाचे शेवटचे इंका राज्य १५७२पर्यंत टिकले.

आणि त्या मदतीचा हिशेबही राहिला. हाउहा खोऱ्यातल्या वांका जमातीच्या सरदारांनी स्पॅनिशांना पुरवलेले धान्य, लामा आणि माणसे दोरीच्या गाठींत, म्हणजे किपूत, टिपून ठेवली होती. पुढे स्पॅनिश न्यायालयातच त्यांनी त्या गाठी वाचून दाखवल्या.