सर्व्हर दूर, स्क्रीन कोरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा सर्व्हर ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये आहे आणि आम्ही पुण्यात. आयपीएमआयटूलने (सर्व्हर दुरून हाताळायच्या आयपीएमआय या पद्धतीची कमांड) सिरियल ओव्हर लॅन, म्हणजे सिरियल पोर्टचा मजकूर नेटवर्कवरून दाखवणारं ‘सोल’, जोडलं की बायोसची स्क्रीन व्यवस्थित दिसते. लिनक्स बूट व्हायला लागलं की मात्र सगळं कोरं. सर्व्हर चालू असतो, एसएसएचने आत जाता येतं. उबंटू आहे. बिघडलंय कुठे?

उत्तर : बायोस दिसतो याचा अर्थ बीएमसी (सर्व्हर दुरून सांभाळायला बोर्डावरच असलेला छोटा संगणक), नेटवर्क, पासवर्ड हे सगळं ठीक आहे. तिथे काही बदलू नका. कन्सोल चार टप्प्यांतून जातो : बायोस, ग्रब (बूटलोडर), कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि शेवटी लॉगिन. प्रत्येकाला सिरियल पोर्ट वेगळा सांगावा लागतो, एकाचं दुसऱ्याला आपोआप कळत नाही. तुमचं घोडं बायोसनंतर अडलंय.

आधी पोर्ट कोणता ते नक्की करा. एसएसएचने आत जाऊन डीमेसेज या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडच्या आउटपुटमध्ये ‘टीटीवायएस’ (लिनक्समधलं सिरियल पोर्टचं नाव) शोधा. पत्ता ०x३एफ८ असलेला पोर्ट टीटीवायएस०, ०x२एफ८ असलेला टीटीवायएस१. सुपरमायक्रोच्या बऱ्याच बोर्डांवर सोल हे कॉम २ वर, म्हणजे टीटीवायएस१ वर असतं. पण बोर्डागणिक फरक पडतो, म्हणून अंदाजावर जाऊ नका. एका खिडकीत सोल उघडं ठेवा. दुसरीकडे रूट होऊन ‘एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवायएस१ ११५२००’ द्या (एफ कॅपिटल), मग ‘इको टेस्ट > /डेव्ह/टीटीवायएस१’. सोलच्या खिडकीत ‘टेस्ट’ उमटलं तर पोर्ट आणि वेग दोन्ही बरोबर. काहीच आलं नाही तर ०, मग २ करून बघा. कचरा अक्षरं आली तर पोर्ट बरोबर पण वेग चुकलाय. या एका चाचणीने बरीच रीबूट वाचतात.

आता /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल. ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स’मध्ये ‘कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस१,११५२००एन८’ लिहा. क्रम महत्त्वाचा आहे. कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, पण शेवटी लिहिलेला कन्सोल हाच /डेव्ह/कन्सोल ठरतो आणि सिस्टमडीचे (सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ‘अमुक सेवा सुरू झाली’ हे संदेश फक्त तिथेच येतात. उलटा क्रम ठेवला की सुरुवातीच्या काही ओळी दिसतात आणि मग शांतता. सर्व्हर लटकला असं वाटून लोक त्याला उगाच पॉवर सायकल मारतात. वेग लिहायलाही विसरू नका, नाहीतर कर्नल ९६०० धरतो. बूटचे संदेश लपवणारे ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द काढून टाका. शेवटी जो ‘एन८’ आहे त्यापुढे ‘आर’ जोडू नका. तो हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू करतो, आणि समोरून सिग्नल आला नाही तर आउटपुट अडकून बसतं.

ग्रबचा मेनू दिसायला हवा असेल तर ‘ग्रब_टर्मिनल’ला ‘कन्सोल सिरियल’ आणि ‘ग्रब_सिरियल_कमांड’ला ‘सिरियल --युनिट=१ --स्पीड=११५२००’ द्या. इथे एक गंमत होते. बायोसमध्ये ‘रीडायरेक्शन आफ्टर पोस्ट’ कायम चालू असेल तर बायोस ग्रबचा मजकूर स्वतःच सिरियलवर पाठवत असतो, आणि वर ग्रबही पाठवतो. मग प्रत्येक अक्षर दोनदा येतं. दोन्हींपैकी एकच ठेवा. आम्ही बायोसमधला हा पर्याय ‘बूटलोडर’वर ठेवून पुढचं काम ग्रबला देतो. तुमचं मशीन यूईएफआयने (जुन्या बायोसच्या जागी आलेली पद्धत) बूट होत असेल तर बहुधा ग्रबच्या सिरियल ओळींची गरजच पडत नाही. त्या न लिहिता आधी बघा. त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ चालवा. रेडहॅट घराण्यात हेच काम ‘ग्रबी’ने होतं.

लॉगिनचं फार करावं लागत नाही. कर्नलला कन्सोल सांगितला की सिस्टमडी त्यावर सिरियल-गेटी (लॉगिन मागणारा प्रोग्राम) स्वतः लावतो. नाहीच आलं तर ‘सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ सिरियल-गेटी@टीटीवायएस१’. जुन्या सेंटओएस ७ वर लॉगिन आलं पण रूटला नाकारलं गेलं, तर /इटीसी/सिक्युअरटीटीवाय या फाइलमध्ये टीटीवायएस१ ची ओळ घाला. आत गेल्यावर व्हीआय एडिटर वेडंवाकडं दिसलं तर घाबरू नका : सिरियलला तुमच्या खिडकीचा आकार कळत नाही, तो २४ ओळी आणि ८० रकाने धरतो. ‘एसटीटीवाय रोज ५० कोल्स १६०’ दिलं की सरळ होतं.

प्रश्न : आयपीएमआयटूलने लॅनप्लस (आयपीएमआय २.० ची नेटवर्क जोडणी) वापरून जोडताना ‘सेशन प्रस्थापित करता आलं नाही’ एवढंच येतं. बीएमसीला पिंग लागतो, ब्राउझरमधून लॉगिनही होतं. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे.

उत्तर : पिंग आणि ब्राउझर चालतात म्हणून आयपीएमआय चालेलच असं नाही. त्याला यूडीपी ६२३ लागतो, आणि फायरवॉलवर बहुतेक वेळा टीसीपी ४४३ तेवढा उघडलेला असतो. शिवाय डेलच्या आयड्रॅकमध्ये (डेलचा बीएमसी) ‘आयपीएमआय ओव्हर लॅन’ हा वेगळा पर्याय आहे, तो चालू आहे का बघा.

दोन्ही ठीक असेल तर हीच कमांड ‘-व्हीव्हीव्ही’ लावून चालवा. वरवर एकच दिसणाऱ्या एररखाली खरं कारण तिथे सापडतं. ‘आरएकेपी २’मध्ये (लॉगिनच्या देवाणघेवाणीतला दुसरा संदेश) एचमॅक (पासवर्डवरून काढलेली खूण) चुकीचा म्हणत असेल तर पासवर्ड चुकतोय, तुम्ही कितीही शंभर टक्के म्हणा. आयपीएमआय २.० मध्ये पासवर्ड जास्तीत जास्त २० बाइटचा आणि जुन्या १.५ मध्ये १६ चा. वेब पानाने लांब पासवर्ड घेतला तरी आयपीएमआयला तो चालत नाही. सर्व्हरवर बसून ‘आयपीएमआयटूल युजर टेस्ट २ २०’ चालवलं की तुमचा पासवर्ड तिथे साठवलेल्याशी जुळतो का ते कळतं (२ हा युजरचा क्रमांक, तुमचा वेगळा असू शकतो). ‘अनऑथराइज्ड नेम’ आलं तर युजर बंद आहे किंवा त्या चॅनेलवर त्याला परवानगी नाही. सायफर सूट (एन्क्रिप्शनचा ठरलेला संच) जुळत नाही असं आलं तर बहुधा तुमचं आयपीएमआयटूल नवं आणि बीएमसी जुना आहे : १.८.१९ पासून ते आधी सायफर १७ मागतं, जुन्या बीएमसीला तो येत नाही, ३ येतो. ‘-सी ३’ (सी कॅपिटल) जोडा. आणि युजर फक्त ऑपरेटर दर्जाचा असेल तर ‘-एल ऑपरेटर’ (एल कॅपिटल) द्यावंच लागतं, कारण न सांगता ते ॲडमिनिस्ट्रेटर हक्क मागतं आणि आपटतं.

जोडणी झाली पण सोल ‘दुसऱ्या सेशनमध्ये आधीच चालू आहे’ म्हणालं, तर कुणीतरी लॅपटॉप तसाच बंद केलाय. ‘सोल डीअ‍ॅक्टिव्हेट’ करून पुन्हा जोडा. बाहेर पडायला एंटरनंतर ~. दाबतात, एसएसएचमधून दुसऱ्या मशीनवर जाऊन सोल उघडलं असेल तर ~~. दाबा, नाहीतर एसएसएचच तुटतं आणि सोल मागे लोंबकळत राहतं. पासवर्ड ‘-पी’ने (पी कॅपिटल) कमांडमध्ये लिहू नका, चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या ‘पीएस’मध्ये इतरांना दिसू शकतो. ‘-ई’ (ई कॅपिटल) देऊन एन्व्हायरन्मेंटमधून घ्या.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये दहा-बारा वर्षं जुने सर्व्हर आहेत. रिमोट कन्सोलवर क्लिक केलं की जेएनएलपी फाइल डाउनलोड होते आणि पुढे काही उघडत नाही, किंवा सही कमकुवत आहे म्हणून जावा नकार देतं.

उत्तर : दोन वेगळ्या अडचणी आहेत. जेएनएलपी फाइल उघडणारं जावा वेब स्टार्ट जेडीके ११ या जावा आवृत्तीमधून, म्हणजे २०१८ मध्ये, काढूनच टाकलं; त्यामुळे नव्या जावावर ती फाइल उघडायला कुणी नसतं. दुसरं, त्या काळच्या जार फाइलींवर (जावा प्रोग्रामच्या फाइली) एमडी५ या जुन्या पद्धतीची डिजिटल सही असायची. एप्रिल २०१७ च्या ८यू१३१ पासून जावा ती सही धरतच नाही. ८यू२९१ पासून टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणीची पद्धत) १.० आणि १.१ ही बंद झालं, आणि जुन्या बीएमसीला त्यापुढचं येत नाही.

आधी फर्मवेअर अपडेट बघा. एचटीएमएल५ कन्सोल मिळाला तर जावाचा विषयच संपला. नसेल तर मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये (बीएमसींसाठी वेगळं काढलेलं नेटवर्क) एक छोटं व्हर्च्युअल मशीन ठेवा. त्यात जावा ८ टाका, ‘जावा.सिक्युरिटी’ फाइलमधल्या ‘जेडीके.जार.डिसेबल्डअल्गोरिदम्स’मधून एमडी५ आणि ‘जेडीके.टीएलएस.डिसेबल्डअल्गोरिदम्स’मधून टीएलएस १.० व १.१ काढा, बीएमसीचा पत्ता जावा कंट्रोल पॅनेलच्या अपवाद यादीत घाला. हा उद्योग स्वतःच्या रोजच्या लॅपटॉपवर करू नका. ते मशीन इंटरनेटपासून तोडलेलं हवं. जेएनएलपी दर वेळी नवी डाउनलोड करा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये तिच्यात त्या सेशनपुरता तात्पुरता पासवर्ड असतो.

याच व्हर्च्युअल मशीनवर आयएसओही (इन्स्टॉल डिस्कची फाइल) ठेवा. घरून व्हर्च्युअल मीडियाने (आपल्याकडची फाइल सर्व्हरला डिस्क म्हणून दाखवणारी सोय) १ जीबीची आयएसओ जोडली आणि अपलोड १० एमबीपीएस असला, तर नुसता डेटा जायला १३-१४ मिनिटं हवीत. प्रत्यक्षात प्रत्येक वाचनाला दूरचा फेरा पडतो, त्यामुळे कितीतरी जास्त लागतात आणि इन्स्टॉलर मध्येच टाइमआउट होतो.

प्रश्न : बीएमसीचं वेब पान उघडत नाही, पिंगही नाही. सर्व्हरवर डेटाबेस चालू आहे. बीएमसी रीसेट केला तर सर्व्हर बंद पडेल का?

उत्तर : नाही. बीएमसी हा बोर्डावरचा स्वतंत्र छोटा संगणक आहे. सर्व्हरवर ‘आयपीएमआय_एसआय’ आणि ‘आयपीएमआय_डेव्हइंटफ’ ही मॉड्यूल चढवा आणि पत्ता न देता ‘आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड’ चालवा. एक-दोन मिनिटं सेन्सर दिसणार नाहीत, पंखे मोठ्याने फिरू शकतात. कमांड देताना ‘एमसी’च्या जागी ‘चॅसिस पॉवर’ लिहिलं जाणार नाही एवढं बघा.

आतूनही उत्तर नसेल तर डेटाबेस रीतसर बंद करून मशीन शटडाउन करा आणि दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी काढायला सांगा. नुसत्या शटडाउनने बीएमसी रीस्टार्ट होत नाही, तो स्टँडबाय विजेवर जागाच असतो. एक वायर राहिली तरी तेच.

प्रश्न : होस्टिंगवाल्यांनी बीएमसीला सार्वजनिक आयपी दिलाय. पासवर्ड मोठा ठेवला तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. आयपीएमआय २.० च्या रचनेतच दोष आहे : लॉगिन पूर्ण होण्याआधीच बीएमसी समोरच्याला पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून गणिताने काढलेली खूण) देतो. हे २०१३ मध्ये जाहीर झालं आणि फर्मवेअर बदलून जात नाही. हॅश घरी नेऊन निवांत फोडता येतो. खासगी व्हीलॅन आणि व्हीपीएन मागा. तोवर यूडीपी ६२३ बाहेरून बंद करायला लावा आणि सायफर शून्य (पासवर्ड न तपासणारा प्रकार) बंद आहे का ते ‘लॅन प्रिंट १’मध्ये तपासा. आयपीएमआयटूल त्या व्हीलॅनमधल्या एखाद्या मशीनवरच चालवा. कारण एसएसएचच्या ‘-एल’ (एल कॅपिटल) टनेलमधून यूडीपी जात नाही.