सोळा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या लहान मुलाचा खून केला, तर त्याला नाशिकरोडच्या जेलमध्ये टाकतात का? जन्मठेप होते का?

लगेच नाही. आधी प्रकरण बाल न्याय मंडळापुढे येतं: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक. तोवर मुलगा निरीक्षणगृहात, नाशिकात म्हणजे उंटवाडीला.

वय इथे सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते घटनेच्या दिवशीचं धरतात. १६ पूर्ण नसेल तर खुनालाही जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे मुलांचं सुधारगृह. लोकांना हेच पचत नाही, आणि ज्यांचं लेकरू गेलं त्यांना तर कसं पचावं?

१६ ते १८ मधल्याचं मात्र मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं: कृत्य करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. गुरुग्रामच्या शाळेतल्या २०१७ च्या खुनात हेच मूल्यमापन वादात सापडलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. माझ्या मते योग्यच. असा निर्णय नुसत्या अंदाजाने होऊ नये.

मंडळाने प्रौढ म्हणून खटल्याची शिफारस केली तर तो बाल न्यायालयात जातो. तिथे मोठी शिक्षा होऊ शकते, पण फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. वयाच्या २१ वर्षांपर्यंत ‘सुरक्षित ठिकाणी’, म्हणजे जेल नसलेल्या वेगळ्या संस्थेत ठेवतात. मग सुधारणा पाहून न्यायालय ठरवतं: देखरेखीखाली सोडायचं की उरलेली शिक्षा जेलमध्ये.

आणि हो, त्या मुलाचा फोटो किंवा नाव व्हॉट्सॲपवर फिरवू नका. ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.