मनीप्लांटमधलं बुलबुलाचं घरटं
अगं, लालबुड्या बुलबुलाने गॅलरीत घरटं केलंय ना, मग मोबाइल घेऊन सारखी जवळ जाऊ नकोस. समोरच्या केबलवरचा कावळा तुझ्यावरच डोळा ठेवून असतो. माझ्या दादरच्या गॅलरीतलं एक घरटं असंच गेलं, चूक माझीच. खोलीतला दिवा बंद करून पडद्याआडून बघ. साधारण 14 दिवसांनी अंड्यातून पिल्लं येतील, पुढे 12 दिवसांत घरटं सोडतीलही. किडा गिळला की पिल्लू बूड वर करतं, शीची पांढरी पुरचुंडी बाहेर येते आणि आईबाप ती चोचीत धरून लांब टाकून येतात. बाळाचा डायपरच म्हण! पंख न फुटलेलं पिल्लू खाली पडलं तर उचलून घरट्यात ठेव; हात लागला म्हणून आई टाकत नाही. आणि पाणी कुंडीच्या कडेने घाल, वरून नको.