१७८९ मध्ये सर्वाधिक मतं मिळवूनही थॉमस चिटेंडन व्हरमॉन्टचे (आजचं अमेरिकेतलं राज्य) गव्हर्नर का झाले नाहीत? आमदारांनी गव्हर्नर ठरवणं हा मतदारांचा अपमान नाही का?

अपमान कसला? व्हरमॉन्टमध्ये निम्म्याहून जास्त मतं लागतात, नाहीतर विधिमंडळ निवड करतं. चिटेंडन सगळ्यांच्या पुढे होते, पण निम्म्याच्या आत अडकले. आमदारांनी मोझेस रॉबिन्सनना बसवलं. अकरा वर्षं एकच माणूस खुर्चीवर, त्यात चिटेंडननी वुडब्रिज गावाच्या जमिनीची सनद सहकारी आयरा अ‍ॅलनला परस्पर दिल्याचं प्रकरण गाजत होतं. लोक वैतागणारच.

मी चिटेंडन काउंटीतच राहतो आणि हा नियम इथे आजही आहे. २०१४ मध्ये नागरिक झाल्यावर पहिलंच मत दिलं, तेही तिसऱ्या उमेदवाराला. गव्हर्नरपदाचे पहिले दोन उमेदवार शमलिन आणि मिल्न यांच्यात अडीच हजारांहूनही कमी मतांचा फरक पडला, निम्मी कोणालाच नाहीत. थँक्सगिव्हिंगला न्यू जर्सीहून साडूभाऊ आले होते. मी पुरणपोळीवर तूप वाढत होतो आणि हे भर पंगतीत, सासऱ्यांसमोर म्हणतात, "तुमच्यासारख्यांनी मतं वाया घालवली, म्हणून आता आमदार ठरवणार. दोघांतला एक निवडायला काय झालं होतं?" बायकोने डोळे वटारले म्हणून गप्प बसलो. त्यांच्या पोळीवर तूप मात्र कमीच पडलं.

८ जानेवारी २०१५ ला ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रेडिओ ऐकला. विधिमंडळातली मतं: शमलिन ११०, मिल्न ६९. लगेच साडूंना मेसेज केला: माझं मत वाया गेलं नाही, त्याने दोघांनाही निम्म्याखाली रोखलं. तुमच्याकडे चाळीस टक्क्यांतसुद्धा गव्हर्नर होतो, वर त्याला जनादेश म्हणतात. उत्तरादाखल अंगठा आला. नुसता अंगठा.

तर तुम्हीही मत द्यायचं ते मनातल्या उमेदवाराला द्या. चिटेंडन पुढच्याच वर्षी परत निवडून आले (तेव्हा निवडणूक दरवर्षी असायची) आणि १७९७ पर्यंत राहिले. लोकांना हवा असलेला माणूस एका वर्षात परत मिळाला.

नियमाला खोट नाही असं नाही. १८३५ मध्ये फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या तरी आमदारांचं एकमत होईना, शेवटी लेफ्टनंट गव्हर्नर जेनिसन यांनीच कारभार पाहिला. जॉर्जिया राज्यात तर १९६६ च्या निवडणुकीत कॅलवे मतांत पुढे असूनही विधिमंडळाने लेस्टर मॅडॉक्ससारखा उघड वर्णद्वेषी बसवला. साडूभाऊंना हे उदाहरण अजून सापडलेलं नाही. तुम्ही न्यू जर्सीचे असाल तर कृपया त्यांना सांगू नका.