होमस्टेचा जीएसटी आणि काकूंची थाळी

काका, नमस्कार.

इतर वाचकांसाठी तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो. दापोलीजवळ कर्द्याला तुमचा तीन खोल्यांचा बंगला आहे, होमस्टे म्हणून चालवता. चालू वर्षाच्या कमाईचा अंदाज ११ लाखांचा: सात लाख बुकिंग पोर्टलवरून, चार लाख थेट फोनवरून. शिवाय पुण्यात भाड्याने दिलेला एक गाळा आणि एक फ्लॅट आहे, आणि पेन्शन. आता १४ लाखांचं कर्ज काढून आणखी दोन खोल्या बांधायच्या आहेत, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, "जीएसटी नंबर घेऊन टाका, टाइल्स-सिमेंटवरचा कर परत मिळेल." घ्यावा का?

त्या कारणासाठी तर मुळीच नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे तुमच्या देय करातून वजावट, मिळत नाही. इमारतीच्या बांधकामावरचं क्रेडिट तर आधीपासूनच बंद आहे. टाइल्सचे पैसे विसरा.

नंबर नसताना पोर्टलच्या बुकिंगवरचा कर पोर्टलच पाहुण्याकडून घेऊन भरतं, थेट बुकिंगवर काही लागत नाही. ही सोय वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर. तुम्ही लिहिलंय, "आमचे ११ लाख, म्हणजे २० बरेच लांब." हे वाचून मी थबकलो. कारण ही मर्यादा एकट्या होमस्टेची नाही, तुमच्या पॅनवरच्या सगळ्या उलाढालीची आहे.

पुण्यातला गाळा सलूनवाल्याला ५५,००० रुपये महिन्याने दिलाय, त्याचे वर्षाचे ६.६० लाख. फ्लॅटचं भाडं १८,०००, म्हणजे २.१६ लाख. राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्याला जीएसटी माफ आहे, पण उलाढाल मोजताना ते धरावंच लागतं. पेन्शन मोजायची नाही. बेरीज झाली १९.७६ लाख. हातात उरले २४,००० रुपये.

आणि पत्रात जाता जाता एक वाक्य आहे: "जेवणाचं ही बघते, ते वेगळं." वेगळं कसं? पाहुणा निघताना खोली आणि जेवणाचे पैसे एकदमच तुमच्या क्यूआर कोडवर टाकतो ना? मग तीही तुमचीच उलाढाल. काकूंची थाळी ३०० रुपयांची धरली तर २४,००० म्हणजे ८० थाळ्या. मे महिन्यातल्या दोन शनिवार-रविवारांतच एवढी पानं उठत असतील! दुसरी गोष्ट, पोर्टलचे सात लाख कमिशन कापून बँकेत आलेले आहेत की कापण्याआधीचे? मोजायचे असतात कापण्याआधीचे. मला दाट शंका आहे, तुम्ही २० लाख ओलांडलेत किंवा ओलांडताय. तसं असेल तर नंबर घेणं ऐच्छिक राहत नाही. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. नाही केला तर कर, त्यावर व्याज, शिवाय दंड: कराइतका किंवा १०,००० रुपये, जास्त असेल तो.

आता खरा खर्च कुठे आहे ते पाहा. होमस्टेवर तो फारसा नाही. पोर्टलचा पाहुणा आजही कर देतोच. थेट येणाऱ्यांच्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,००० रुपये, तेही दरात बसवता येतील. मार बसतो गाळ्यावर. नंबर आला की त्या भाड्यावर १८ टक्के, महिना ९,९०० रुपये. सलूनवाला स्वतः नोंदणीकृत नाही, त्याला क्रेडिट मिळणार नाही, तो वरचे पैसे द्यायला कुरकुर करणारच. त्याने ५५,००० च्या वर छदाम दिला नाही तर त्यातलेच सुमारे ८,४०० रुपये दर महिन्याला सरकारात जातील. कर्द्याच्या दोन खोल्यांचा हिशेब करताना पुण्यातला हा लाखभर रुपयांचा खड्डा कुणीच मोजत नाही.

कंपोझिशन योजनेचं, म्हणजे छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरून मोकळं होण्याच्या सोयीचं, कुणी सुचवलं तर सोडून द्या. पोर्टलवरून सेवा विकणाऱ्याला ती मिळत नाही.

दराचंही एक बघा. तुम्ही अख्खा बंगला एकच युनिट म्हणून लावता. एरवी ७,००० ला तो ५ टक्क्यांत बसतो, कर ३५०. नाताळात ९,५०० केलात की ७,५०० ची रेघ ओलांडते, मग १८ टक्के, कर १,७१०. त्याच तीन खोल्या ३,२०० प्रमाणे सुट्या दिल्यात तर एकूण ९,६०० वर ४८०. मात्र सुट्या म्हणजे खरंच सुट्या, वेगळ्या पाहुण्यांना मिळतील अशा. नुसतं बिल तोडून चालणार नाही.

खोल्यांना माझा विरोध नाही, घाईला आहे. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी सीएकडे जा आणि पोर्टलची कमिशनसकट वार्षिक पत्रकं, क्यूआरचं बँक स्टेटमेंट, काकूंची जेवणाची वही असं सगळं सोबत न्या. बेरीज २० च्या वर गेली तर त्याच आठवड्यात अर्ज. सलूनवाल्याचा करार नव्याने करताना "भाडे जीएसटी वगळून" एवढं कलम घालून घ्या. तो तयार झाला तर खोल्या बांधा. नाही झाला तर कर्जाच्या हप्त्यात ते ८,४०० मिळवून पाहा आणि मला पुन्हा लिहा.